जुन्या एमएक्स-५ चे शॉक आणि बुश बदलताना

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसली आणि १९९७ पर्यंत बनत राहिली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली, अमेरिकेत मियाटा म्हणून. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबसच डोळ्यांसमोर येते. पण ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याला ही उघड्या टपाची, दोन सीटची गाडी अजून आवाक्यात मिळते, आणि घरच्या गॅरेजमध्ये साध्या पान्यांनी जिचं काम करता येतं अशा मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांपैकी ती एक आहे. खालचे आकडे याच गाडीचे आहेत. कामाची पद्धत मात्र चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला बरीचशी लागू पडते.

या पिढीतली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंचविशीच्या पुढे गेलेली आहे. किलोमीटर कमी पडलेत म्हणून सस्पेन्शन चांगलं असेल, असं धरून चालू नका. रबर उभ्या गाडीतही सुकतं, तडकतं. गाडी जेमतेम हजार किलोची आणि तिची सगळी मजा चाक रस्त्यावर नेमकं कुठे टेकलंय हे स्टिअरिंगमधून कळण्यात आहे. बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी भाग, सैल झाले की आधी नेमकं तेच हरवतं. म्हणून नुसते शॉक (स्प्रिंगचं डोलणं थांबवणाऱ्या तेलाच्या नळ्या) बदलून थांबू नका. नव्या कडक शॉकचा मार जुन्या बुशवर येतो, आधी मऊपणे होणारी हालचाल आता खडखड करत होते, आणि महिन्याभरात "नवे शॉक खराब निघाले" अशी तक्रार सुरू होते.

काय गेलंय ते आधी ओळखा

बोनेटवर हात दाबून गाडी हलवून बघायची जुनी पद्धत इथे फारशी कामाची नाही. शॉक पूर्ण मेला असेल तरच ती काही सांगते. अर्धा गेलेला शॉक या परीक्षेत सहज पास होतो. त्यापेक्षा चाक काढा आणि शॉकच्या नळीकडे बघा. वर थोडी ओलसर धूळ असेल तर चालेल. तेलाचा ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आला असेल तर शॉक संपला. टायरच्या कडेने हात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे-उंचवटे लागले तर तेही शॉक गेल्याचंच लक्षण. वेगात उंचवट्यावरून गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन बसली पाहिजे. दोन-तीनदा डोलत असेल तर नवे शॉक घ्या.

बुश तपासायला गाडी स्टँडवर घ्या आणि आर्म व चॅसिस यांच्यामध्ये लांब पहार घालून हलका जोर द्या. चांगल्या बुशचं रबर थोडं दबतं आणि परत येतं. गेलेल्या बुशमध्ये आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकते आणि रबराच्या कडेने चंद्रकोरीसारखी फट उघडते. रबर बाहेरून फुगून आलेलं दिसलं तरी तो बुश बाद धरा.

बॉल जॉइंटसाठी (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला तर दोष बेअरिंगमध्ये आहे; तरीही चालू राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बघा. पुढचा खालचा बॉल जॉइंट बोल्टने लावलेला असतो, त्यामुळे तो सुटा बदलता येतो. वरचा मात्र कंपनीकडून आर्मसकट येतो.

लहान खड्ड्यात "टक" असा कोरडा आवाज येत असेल तर पहिला संशय अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचं झुकणं कमी करणारा आडवा दांडा) लिंक रॉडवर घ्या. त्या स्वस्त आहेत, चार नट सोडले की निघतात, आणि बऱ्याच वेळा सगळा दोष त्यांच्याच माथी असतो.

काय मागवायचं

चार शॉक, चार बम्प स्टॉप, चार धूळ-टोप्या, स्प्रिंगच्या वरची चार रबरं, शॉकच्या दांड्यावरचे चार नवे लॉकनट. चार लिंक रॉड आणि अँटी-रोल बारचे चार रबरी बुश, दोन पुढे, दोन मागे. पुढचे दोन खालचे बॉल जॉइंट आणि दोन टाय रॉड एंड, तपासणीत गेलेले निघाले तर. शेवटी आठ एक्सेंट्रिक (फिरवले की आर्म थोडा सरकवणारे) बोल्ट, त्यांच्या प्लेट आणि नटांसकट. हे आठ बोल्ट खालच्या आर्मना चॅसिसशी जोडतात, प्रत्येक चाकाला दोन, आणि अलाइनमेंट त्यांच्यावरच होते. ते सुटतील की नाही हे आधी सांगता येत नाही. मिठाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत ते सुटणार नाहीत असंच समजा आणि आधीच मागवून ठेवा, नाहीतर गाडी आठवडाभर स्टँडवर अडकते.

शॉक निवडताना गाडी कशासाठी वापरणार ते प्रामाणिकपणे ठरवा. रोजच्या वापराला आणि मूळ स्प्रिंगला केवायबीचे साधे शॉक पुरतात. बिलस्टाइनचे जास्त घट्ट आणि टिकाऊ असतात. कोनीचे पिवळे शॉक कडकपणा कमी-जास्त करता येणारे आहेत. स्प्रिंग सहसा बदलावी लागत नाही. गंजून कॉइल तुटलेली नसेल तर मूळ स्प्रिंगच ठेवा. गाडी खाली बसवण्याच्या नादात लहान स्प्रिंग घातल्या जातात आणि तिथेच ही गाडी बिघडते, कारण मुळात तिच्या सस्पेन्शनला वर-खाली व्हायला जागा फार थोडी आहे. दोन इंच खाली बसलेली एमएक्स-५ प्रत्येक खड्ड्यात बम्प स्टॉपवरच चालते.

बम्प स्टॉपकडे लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. शॉकच्या दांड्यावर बसलेला हा फोमचा तुकडा या गाडीत शेवटचा अडसर तर आहेच, शिवाय वळणावर गाडी झुकली की तो स्प्रिंगला मदतही करतो. जुना शॉक उघडाल तेव्हा बहुतेक वेळा तो सापडणारच नाही. धूळ-टोपीच्या आत बोटांना चिकटणारा पिवळट भुगा दिसेल, खारी चुरडावी तसा. तोच तो. तो गेलेला असताना नवा शॉक घातला तर मोठ्या खड्ड्यात शॉकचं तोंड थेट वरच्या माउंटवर आपटतं आणि सील फुटतो.

१९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीतले शॉकचे वरचे माउंट पहिल्या पिढीत बसतात आणि शॉकला थोडी जास्त जागा देतात. जुने माउंट गंजले असतील तर हेच घ्या, पण त्यांच्या रबरासकट, पूर्ण संच. अर्धे भाग इकडचे आणि अर्धे तिकडचे करू नका. स्प्रिंग नीट बसत नाही.

हत्यारं: १४, १७ आणि २१ मिमीचे सॉकेट आणि रिंग पाने, लांब हँडल, टॉर्क पाना, दोन हातोडे, पहार, स्प्रिंग कॉम्प्रेसर, चार स्टँड. एखादा वेगळ्या आकाराचा पाना मध्येच लागेल, म्हणून पूर्ण संच जवळ असू द्या. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने मिळत असेल तर चांगल्यातला घ्या. आकड्यांचे (हूकचे) आटे झिजलेला कॉम्प्रेसर वापरू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते.

आदल्या दिवशी

प्रत्येक बोल्टचे उघडे आटे तारेच्या ब्रशने घासा आणि गंज सोडवणारं तेल मारा. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून केलेलं तेल बाजारातल्या फवाऱ्याइतकंच काम करतं, पण ॲसिटोन पटकन पेट घेतं. ते मारलं असेल तिथे त्या दिवशी गॅसची टॉर्च लावू नका.

मग गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकावर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. चारही चाकांचं. चिकटपट्टीवर आकडा लिहून त्या-त्या मडगार्डवर चिकटवून ठेवा. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि शेवटी सगळा हिशेब याच आकड्यावर बसतो. स्प्रिंगची उंची बदलत असाल तर जुना आकडा उपयोगाचा नाही. नवी उंची किती येणार ते स्प्रिंगच्या माहितीवरून धरा.

एक्सेंट्रिक बोल्टच्या प्लेटवर खुणा असतात. त्या आत्ता कुठे आहेत त्याचा फोटो काढा, रंगाने रेघही मारा. यामुळे अलाइनमेंट बरोबर येत नाही, पण काम झाल्यावर गाडी सेंटरपर्यंत चालवत नेण्याइतकी नीट राहते.

पुढचे शॉक

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली जॅक लावता येतो, मागे डिफरन्शियलखाली. स्टँड मात्र सिलच्या (दाराखालच्या लांब पट्टीच्या) मजबूत केलेल्या जागांखालीच. सिल गंजली असेल तर स्टँड आत घुसतो, म्हणून आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

दोन्ही पुढची चाकं काढा आणि दोन्हीकडच्या लिंक रॉड सोडवा. एकीकडचीच सोडली तर बार दुसऱ्या बाजूचा आर्म ओढत राहतो आणि अर्धा तास वाया जातो. ब्रेकच्या होजचा क्लॅम्प सोडा म्हणजे होजला ताण येणार नाही. शॉकचा खालचा बोल्ट १७ मिमीचा. मग बोनेटमधले शॉकच्या डोक्यावरचे १४ मिमीचे दोन नट. मधला मोठा नट या टप्प्यावर अजिबात सोडू नका. स्प्रिंग त्याच नटाने धरून ठेवलेली असते.

आता शॉक मोकळा असतो पण बाहेर येत नाही, कारण तो वरच्या आर्मच्या मधून जातो. सगळ्यात सोपी वाट म्हणजे वरच्या आर्मचा आतला लांब बोल्ट काढणं. नट सोडा, बोल्ट फिरवत-फिरवत बाहेर ओढा आणि बाहेर येण्याआधी समोर काही आडवं येत नाही ना ते बघा. आर्म मोकळा झाला की हबसकट (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर झुकतो. तो पडू देऊ नका. तारेने किंवा दोरीने बांधून ठेवा, होजवर लोंबकळत राहता कामा नये. खालचा आर्म दाबा आणि शॉक बाहेर घ्या.

टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट काढताना दुबेळकी पाचर ठोकली तर रबरी टोपी फाटते. फेकायचा असेल तर ठीक, पण ठेवायचा असेल तर नट थोडा सैल ठेवून नकलच्या (हबला धरणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) कानावर बाजूने हातोड्याचा जोरदार ठोका द्या, समोरच्या बाजूला दुसरा हातोडा धरून. दोन-तीन ठोक्यांत शंकू "टक" करून सुटतो. नवा लावताना जुना टाय रॉड एंड किती आट्यांवर होता ते मोजा आणि नवा तेवढ्याच आट्यांवर बसवा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे कसा, मागे सैल करून जुळवू नका.

स्प्रिंग उतरवणं आणि चढवणं

खोलण्याआधी वरच्या माउंटच्या बोल्टांची दिशा आणि खालच्या बुशची दिशा यांच्यात रंगाची एक सरळ रेघ मारा. ही रेघ विसरली तर शॉक परत बसवताना वरचे बोल्ट भोकांत जातात पण खालचा बुश नव्वद अंश फिरलेला असतो, आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

कॉम्प्रेसरचे दोन आकडे स्प्रिंगवर समोरासमोर लावा आणि आलटून-पालटून दोन-दोन फेरे कसा. स्प्रिंग वरच्या माउंटपासून मोकळी हलली की मगच दांड्यावरचा नट सोडा. इम्पॅक्ट गन काढताना चालेल. बसवताना कधीच नको. तिने दांडा आतल्या पिस्टनसकट गरगर फिरतो आणि नव्या शॉकची झडप पहिल्याच दिवशी दुखावते. दांड्याचं टोक ॲलन कीने धरा आणि नट रिंग पान्याने कसा.

नव्या शॉकचा दांडा बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करा. आडवा ठेवल्याने आत साठलेली हवा निघून जाते. मग बम्प स्टॉप, धूळ-टोपी, स्प्रिंग, रबर, माउंट या क्रमाने. स्प्रिंगचं खालचं टोक शॉकच्या बशीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. एक-दोन सेंटीमीटरही वर चढलेलं असेल तर गाडी त्या बाजूने उंच राहते. कॉम्प्रेसर सैल करताना हे टोक डोळ्यांसमोर ठेवा.

मागचे शॉक

मागे शॉकचं डोकं डिकीत असतं. उजवीकडे बॅटरी आहे. ती काढलीत तर जागा मिळते. डावीकडे पेट्रोलच्या नळीवरचं कव्हर काढावं लागतं. बॅटरी काढताना तिच्या हवेच्या नळ्या लक्षात ठेवा आणि परत लावा, कारण बॅटरी बंद डिकीत आहे.

खालचा १७ मिमीचा बोल्ट, लिंक रॉड, वरचे दोन नट. मग आर्मवर पहार टेकवून खाली दाबा आणि शॉक तिरका करून काढा. जागा अपुरी वाटली तर वरच्या आर्मचा बाहेरचा बोल्ट सोडा. हबच्या खालून आरपार जाणारा लांब बोल्ट मात्र गरज नसेल तर हलवू नका. या गाडीतला सगळ्यात हट्टी बोल्ट तोच आहे. बुशच्या नळ्यांत गंजून तो लोखंडाचा एकच तुकडा झालेला असतो, आणि एकदा डोकं मोडलं की नुसत्या शॉकसाठी सुरू केलेलं काम अख्खा हब उतरवण्यापर्यंत जातं. ड्राइव्ह शाफ्ट फार तिरका लोंबकळू देऊ नका. एबीएस असेल तर त्याची वायरही सांभाळा.

बुश

इथे निर्णय घ्यावा लागतो. मूळ रबर शांत चालतं, देखभाल मागत नाही आणि पुन्हा पंधरा-वीस वर्षं टिकतं. पॉलीयुरेथेनचे बुश घट्ट असतात, स्टिअरिंग जास्त तीक्ष्ण होतं, आणि दोन अर्धे भाग हाताने दाबून बसतात म्हणून प्रेस लागत नाही. पण त्यांना सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं. कोरडे पडले की दरवाजा करकरावा तसे करकरतात, आणि आतली नळी आर्ममध्ये मोकळी फिरत नसेल तर आर्म अडकत चालतो. आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीला रबर, ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला पॉलीयुरेथेन. साधं बेअरिंगचं ग्रीस पॉलीयुरेथेनला लावू नका.

जुने बुश काढायला प्रेस असेल तर उत्तम. नसेल तर जाड आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर, बुशएवढा एक सॉकेट आणि त्यापेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा. सॉकेट बुशला ढकलतो, पाइप त्याला आत घेतो. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर रॉडच आधी जाईल. पुढच्या वरच्या आर्मचे दोन कान पातळ आहेत. त्यांच्यामध्ये नेमक्या लांबीचा ठोकळा घातल्याशिवाय दाब दिला तर कान आत वाकतात, बोल्ट पुन्हा सरळ जात नाही, आणि आर्म भंगारात जातो. गॅसच्या टॉर्चने रबर जाळून काढायची पद्धत दिसायला झटपट आहे. धूर विषारी असतो, आणि मागे पेट्रोलची टाकी सीटच्या पाठीमागेच आहे. ते करू नका.

नवा बुश बसवण्याआधी आर्मचं भोक आतून घासून स्वच्छ करा आणि तोंडावरची धातूची खरखरीत धार (बर) काढा. रबरी बुश साबणाच्या पाण्याने बसवा. तेल किंवा ग्रीस लावलेला बुश नंतर सरकतो.

एक्सेंट्रिक बोल्ट अडकला तर

नट सुटतो, पण बोल्ट फिरत नाही. म्हणजे बोल्ट आणि बुशची आतली नळी गंजाने जुळली आहेत. यावर जोर वाढवला तर बोल्ट नळीसकट फिरतो, रबर पिळवटून फाटतं आणि बोल्ट तिथेच राहतो. नट परत शेवटच्या आट्यावर आणून त्यावर ठोके द्या, उलटसुलट थोडं-थोडं फिरवून बघा. पंधरा मिनिटांत काही हललं नाही तर वेळ घालवू नका. रेसिप्रोकेटिंग सॉ घ्या, धातूसाठीचं चांगलं पातं लावा, आणि आर्मचा बुश व चॅसिसचा कान यांच्यामधल्या फटीतून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. चॅसिसच्या कानाला खाच पडू देऊ नका. आर्म खाली येतो, बोल्टचे तुकडे बुशसकट फेकायचे. एका बोल्टला दोन-तीन पाती लागतात, तेवढी आणून ठेवा.

नवे बोल्ट लावताना दांड्याच्या गुळगुळीत भागाला आणि नळीच्या आत अँटी-सीझ (बोल्ट गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लावा. आट्यांना नको. आटे घसरडे झाले की टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो.

कसायचं कधी

सगळे बुशचे बोल्ट आधी हातानेच, वॉशर टेकेपर्यंत कसा. पूर्ण टॉर्क गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला, दोन्हीकडे चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी चॅसिसच्या कानांत जखडते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळूनच. आर्म लोंबकळत असताना बोल्ट कसलात तर रबर त्या खालच्या जागेला "सरळ" समजतं. गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी उंच उभी राहते, आणि वर्षा-दोन वर्षांत नवा बुश नेमका आतल्या नळीपाशी फाटतो. घरी केलेले नवे बुश लवकर जातात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

करायचं असं: जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटजवळ लावा आणि मडगार्डवरच्या चिकटपट्टीचा आकडा येईपर्यंत उचला. समजा हबच्या मध्यापासून कडेपर्यंत ३५० मिमी लिहिलं होतं, तर पट्टी तिथेच धरा आणि ३५० वर थांबा. हलकी गाडी असल्याने त्याआधीच ती स्टँडवरून उचलली जाऊ लागेल. तसं झालं तर चाक लावा आणि चारही चाकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे किंवा रॅम्प ठेवून, चाकांवर उभ्या गाडीखाली कसा. पॉलीयुरेथेनच्या बुशमध्ये नळी फिरती असल्याने हा नियम तितका कडक नाही.

शॉकचा खालचा बोल्ट ७३ ते ९३ न्यूटन-मीटर, वरचे माउंटचे नट २९ ते ३६. हे वरचे नट लोक फार जोराने कसतात आणि माउंटचे बोल्ट पिळतात. तिथे लांब हँडल लावू नका. चाकांचे नट ८८ ते ११८. बाकीच्या बोल्टांचे आकडे आपल्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कारण १.६ आणि १.८ लिटरच्या गाड्यांत काही भाग वेगळे आहेत.

अलाइनमेंट

सेंटरला जाण्याआधी शंभरेक किलोमीटर गाडी चालवा म्हणजे स्प्रिंग आणि रबरं बसतात. अलाइनमेंट दोनदा करायची नसेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश, सगळं त्याआधी झालेलं असू द्या.

खालच्या आर्मचे दोन्ही एक्सेंट्रिक एकाच दिशेने फिरवले की कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) बदलतो. उलट दिशांनी फिरवले की पुढे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) बदलतो, मागे टो (चाकांची तोंडं आत की बाहेर). पुढचा टो टाय रॉडवर, आणि तो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर-कॅस्टर हलले की टोही हलतो. रस्त्यावरच्या गाडीला पुढे कॅम्बर उणे १ अंशाच्या आसपास, कॅस्टर साडेचार ते पाच अंश, टो शून्य. मागे कॅम्बर उणे दीड अंशाच्या आसपास आणि टो आत, दोन्ही चाकांचा मिळून दीड-दोन मिमी. मागचा टो बाहेर जाता कामा नये. छोट्या व्हीलबेसची, मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी मग ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच शेपूट काढते. मोजताना ड्रायव्हरच्या वजनाइतकं वजन त्या सीटवर ठेवायला सांगा, आणि छापील कागद मागून घ्या. नुसतं "ग्रीन आलंय" हे उत्तर चालवून घेऊ नका. कंपनीच्या मर्यादा रुंद आहेत. डावी-उजवी बाजू वेगळी असूनही दोन्ही आकडे हिरव्यात बसतात.

परत आल्यावर चाकं काढून शॉकचे आणि लिंक रॉडचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, एक्सेंट्रिकच्या खुणा हलल्या नाहीत ना ते बघा. मडगार्डपर्यंतचं अंतर पुन्हा मोजा. डावी-उजवी बाजू पाच-सहा मिमीपेक्षा जास्त वेगळी असेल तर त्या बाजूच्या स्प्रिंगचं खालचं टोक पायरीत बसलंय का ते आधी बघा. तिथे सगळं ठीक असेल तर त्या बाजूचे बुशचे बोल्ट सैल करून, गाडी एकदा पुढे-मागे ढकलून, चाकांवर उभी असतानाच पुन्हा कसा.